वाळवंटात मोटरहोम नेताना

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. नाताळात आईबाबांना मोटरहोमने जोशुआ ट्री आणि डेथ व्हॅली दाखवायचा बेत आहे. गेल्या खेपेला वाऱ्याने गाडीचं गुंडाळतं छत मोडलं, फ्रिजही थंड होईना. काय काळजी घ्यावी?

उत्तर : ऋतू योग्य निवडलात, उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत वयस्कांना नेऊच नये. बऱ्याच मोटरहोममधला फ्रिज गॅसवर चालतो. त्यात कॉम्प्रेसर नसतो, अमोनियाचं द्रावण उतारानेच वाहतं. गाडी तिरकी असली की ते अडतं. मुक्कामी पोचताच ओट्यावर अर्धा पेला पाणी ठेवा. ते एका बाजूला कललं, तर सखल बाजूच्या चाकांखाली फळ्या घालून गाडी समतल करा.

छत रात्री आणि फिरायला जाताना न चुकता गुंडाळा. वाळवंटातला वारा सांगून येत नाही.

जोशुआ ट्रीच्या बहुतेक तळांवर पाणी नाही, म्हणून टाकी बाहेरच भरून घ्या. पिण्यासाठी माणशी रोज चार लिटर धरा. डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर समुद्रसपाटीखाली ८६ मीटरवर आहे. तिकडचे उतार खालच्या गिअरमध्येच उतरा, ब्रेक दाबून ठेवू नका. टायरची हवा सकाळी, गाडी निघण्याआधी तपासा.

रात्री कडाक्याची थंडी पडते. हीटरचा पंखा बॅटरीवर चालतो आणि जनरेटरला तळांवर वेळेचं बंधन असतं. तेव्हा संध्याकाळीच बॅटरी भरून घ्या आणि आईबाबांसाठी जाड रजया ठेवा.