होमकुंडापाशी शिकलेलं

लग्नं, मुंजी, वास्तुशांती आणि अधूनमधून अंत्येष्टीही माझ्या हातून होतात. मंत्र वर्गात पाठ झाले. अग्नीशी वागायचं कसं, हे कुंडाजवळ बसूनच कळत गेलं.

१. अग्नीला कोंडू नये. तळाशी गोवरीचे तुकडे, त्यावर कापूर, मग बोटभर जाडीच्या समिधा, मध्ये हवा खेळायला जागा. यजमान उत्साहात असतात. अख्खी जुडी रचून वरून तुपाची धार सोडतात. मग ज्वाळा राहते बाजूला, नुसता धूर, आणि छतावरचा अलार्म बोंब ठोकतो. म्हणून मी मुहूर्ताआधी विचारते: खिडक्या कुठल्या बाजूला आहेत, आणि वॉचमनला सांगून ठेवलंय का?

२. तोंडाने फुंकर घालू नये. पंख्याने वारा घालावा, फार तर फुंकणी वापरावी. अग्नीला उष्टं चालत नाही. पारशी धर्मगुरू, म्हणजे मोबेद, अग्नीची सेवा करताना नाकातोंडावर पांढरं कापड बांधतात, तेही श्वास आणि थुंकी अग्नीला लागू नये म्हणूनच. वाढदिवसाला केकवरच्या मेणबत्त्या फुंकणाऱ्या घरातसुद्धा आजी समई फुंकू देत नाही, फुलाने शांत करायला लावते. नातवंडं दोन्ही पाळतात, कुणाचं काही अडत नाही.

३. पावित्र्याबद्दलचं माझं मत आतश बेहरामची माहिती वाचून बदललं. पारश्यांमधला हा सर्वांत वरच्या दर्जाचा अग्नी. भारतात असे आठच, त्यांतले चार मुंबईत. सर्वांत जुना उदवाड्याचा इराणशाह. असा अग्नी प्रतिष्ठापित करायला सोळा ठिकाणचा विस्तव गोळा करतात. त्यात सोनाराचा असतो, कुंभाराचा असतो, वीज पडून पेटलेला असतो आणि प्रेत जाळलेल्या चितेचाही असतो! ज्या धर्मात प्रेताचा स्पर्श अग्नीला होऊ देणं पाप, तिथे ही गोष्ट. एका अग्नीच्या वर, त्याला न टेकवता, चंदनाचा भुगा धरायचा; तो नुसत्या धगीने पेटला की त्यावर पुढचा. असं पुन्हा पुन्हा करत तो विस्तव शुद्ध होतो. आपल्याकडे सोवळं म्हटलं की कुणाला लांब बसवायचं, तिथूनच सुरुवात होते.

४. प्रत्येक आहुतीनंतर यजमानाने ‘न मम’, म्हणजे ‘हे माझं नाही’, असं म्हणायचं असतं. बहुतेक जण ते कॅमेऱ्याकडे बघत म्हणतात.

५. लग्नाचा साक्षीदार अग्नी, आणि साक्षीदार घरात राहणारा असावा. लाजाहोमात भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो, त्या अग्नीत पडतात, मग सप्तपदी. पूर्वी हा विवाहाचा अग्नी नवं जोडपं घरी नेऊन जतन करी, त्यावरच रोजची आहुती पडे आणि शेवटी दहनही त्याच अग्नीने होई. म्हणजे साक्षीदाराने सगळा संसार पाहिलेला असे. आता पंगत वाढायची असते. कार्यालयाचा माणूस पाण्याची बादली घेऊन माझ्या पाठीशी उभाच. मी त्याला थांबवते, निखारे आपोआप निवेपर्यंत तरी. अंत्ययात्रेत घरून मडक्यात विस्तव नेतात, ती त्याच रीतीची उरलेली खूण. विद्युतदाहिनीपाशी एका मुलीने मला विचारलं होतं, “बटण तिथला माणूस दाबणार, मग अग्नी मी दिला असं कसं म्हणायचं?” तिच्या हातून कापूर पेटवून ठेवायला सांगितला, आणि म्हटलं, वेदांतला अग्नी अरणीत आहे तसा आकाशातल्या विजेतही आहे, सूर्यातही आहे, तारेतून आला म्हणून तो परका होत नाही. तिला पटलं की नाही, माहीत नाही. मला मात्र हे पटलेलं आहे.

६. राखेचं काय करायचं, हे शेवटी सगळेच विचारतात. चिमूटभर कपाळाला लावा. बाकीची नदीत टाकू नका, पूर्ण गार झाली की चाळून कुंड्यांत घाला. तुळशीला मात्र चमचाभरच. जास्त झाली तर माती खारवते आणि पानं पिवळी पडतात.