भुरीच्या शी-शूबद्दल

चि. केतकीस,


भुरी पायपुसण्यावर शू करते म्हणून घरात तिचं नाक त्यात घासलं, हे वाचून फार वाईट वाटलं. हे आजच्या आज थांबव, आणि बाबांनाही माझं नाव घेऊन सांग. मागाहून मिळालेली शिक्षा कशाबद्दल होती, हे कुत्र्याच्या पिल्लाला कळतच नाही. माणसांसमोर शू करायची नाही, एवढंच ते शिकतं आणि सोफ्यामागे जाऊन करतं.

दोन महिन्यांच्या पिल्लाला जागेपणी दोन-तीन तासांच्या वर धरवत नाही. पहिले तीनेक आठवडे तर आईने चाटल्यावरच त्याला शू होते. पुढे ते आपणहून झोपायच्या जागेपासून लांब जाऊ लागतं. म्हणजे स्वच्छतेची ओढ भुरीत आहेच. तुमच्या फ्लॅटमधलं 'लांब' कुठलं, ते तेवढं तिला कुणी दाखवलेलं नाही. ते काम तुझं.

झोपेतून उठली, खाऊन झालं, खेळून दमली, की लगेच उचलून बाल्कनीतल्या ठरलेल्या कोपऱ्यात ने. तिथे ट्रेमध्ये नर्सरीतली हिरवळ ठेव. पुढे खाली नेशील तेव्हा गवत पायांना ओळखीचं असेल. पण लशीचे सगळे डोस होईपर्यंत, साधारण 16 आठवड्यांची होईपर्यंत, भटकी कुत्री फिरतात तिथे तिला खाली सोडू नकोस. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि इतक्या लहान पिल्लाचा जीव घेऊ शकतो.

ती शू करत असताना गप्प उभी राहा. झाली की तिथल्या तिथे शाबासकी आणि चिकनचा बारीक तुकडा दे. घरात आल्यावर दिलास, तर तिला ते आत येण्याचं बक्षीस वाटेल.

पायपुसणी काही आठवडे उचलूनच ठेव. मऊ कापड पायाखाली आलं की पिल्लांना शू करावीशी वाटते. शू पुसायला फिनेल नको. ते पंजांवरून जिभेवर जातं. एन्झाइमचं क्लीनर मिळतं, त्याने वास मुळापासून जातो. वास उरला तर ती पुन्हा तिथेच करणार.

रात्री तिला तुझ्या पलंगाशेजारी झोपव. कुरकुरली की न बोलता, न खेळवता बाल्कनीत ने आणि परत निजव.

आणि नीट शिकलेली भुरी अचानक घडीघडी थोडी थोडी शू करू लागली, तर रागावू नकोस, डॉक्टरांकडे ने. मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो.

तुझी,
मावशी