केमो सुरू होताना एचआयव्हीच्या गोळ्या थांबवायच्या का?

प्रश्न : वेल्ह्यातली माझी बहीण एचआयव्हीच्या गोळ्या नियमित घेते. आता गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पुण्यात सिस्प्लॅटिनची केमो सुरू होणार आहे. गोळ्या थांबवाव्यात का?
– एक वाचक, भोर

उत्तर : मुळीच थांबवू नका. गोळ्या सुटल्या की विषाणू वाढतो, आणि केमोमुळे प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली असते. मात्र गोळीत टेनोफोविर असेल, तर सिस्प्लॅटिनसोबत मूत्रपिंडांवर दुहेरी ताण येतो. म्हणून केमोच्या प्रत्येक डोसआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. झिडोव्हुडिन असेल, तर रक्तपेशी आणखी घटू शकतात. गोळी बदलायची का, हे एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्र आणि कर्करोगतज्ज्ञ यांनी मिळून ठरवावं. दोघांनाही सगळी औषधं दाखवा. आजार लपवू नका. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने गोपनीयता आणि भेदभावाविना उपचार हा तिचा हक्क आहे.