ते पत्र आधी काकूला वाचून दाखव

एडिसन, न्यू जर्सी
२ फेब्रुवारी

चि. सोनूस आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोन केला असता, पण फोनवर तू "हो गं आत्या, हो गं" करतेस आणि मागे तुझ्या मंडळींचा गलका चालू असतो. म्हणून कागद घेऊन बसले. सगळं नीट वाच, वरवर चाळू नकोस.

परवा पटेल ब्रदर्समध्ये मेथीच्या जुड्या बघत होते, तर मंडळातल्या एक बाई भेटल्या. त्यांचा भाचा तुझ्या नाटकात लाइट्स बघतो म्हणे. म्हणाल्या, "तुमच्या भाचीचं नाटक फार मजेशीर आहे हं. त्यात ती आजी पत्र लिहिते ना, वाचनाच्या वेळी सगळे पोट धरून हसले." मी विचारलं, कसलं पत्र? तर म्हणे, मुलगा गोऱ्या मुलीशी लग्न करतोय म्हणून आजी विचारते, ती हाताने जेवते का आणि घरात चपला घालून फिरते का. मेथी तिथेच ठेवली आणि गाडीत येऊन बसले. ही दोन वाक्यं कुठल्या पत्रातली आहेत हे मला कुणी सांगायला नको.

ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नये हे मलाही कळतं. तसं काही नसेल तर हा कागद फाडून टाक आणि आत्याला चळ लागला म्हण. पण असेल तर मी रागावले आहे, चांगलीच रागावले आहे.

दिवाळीत तू क्लीव्हलँडला गेलीस तेव्हा काकूने नानाची पत्रांची पेटी तुझ्यापुढे ठेवली, ती कशासाठी? तिच्या स्वतःच्या मुलांना मराठी वाचता येत नाही, तुला येतं, म्हणून. तिने तुला सांगितलं होतं, यात काय काय आहे ते मला वाचून सांग. तू "नंतर सावकाश सांगते" म्हणालीस आणि मोबाइलवर फोटो काढून घेऊन गेलीस. हे मला काकूनेच सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, कौतुकाने. अजून वाट बघते आहे ती.

त्या पत्रात काय आहे हे काकूला माहीत नाही, हे तुला माहीत आहे का? १९८३ साली नाना-काकूच्या लग्नाआधी आईचं ते निळं एरोग्राम आलं तेव्हा नानाने तिला एवढंच सांगितलं की आईने आशीर्वाद पाठवलेत, अण्णांची तब्येत बरी नसते म्हणून येणं जमत नाही. चाळीस वर्षं ती हेच धरून आहे. नाना गेल्यावर सांगणारं कुणी उरलं नाही. आता तुझ्या नाटकाला ती येणार, पुढच्या रांगेत बसणार, आणि सासूने आपल्याबद्दल काय लिहिलं होतं ते तिला कळणार कुणा मुलीच्या तोंडून, ओढूनताणून काढलेल्या देशी उच्चारात, आजूबाजूला माणसं हसत असताना. हे तुझ्या डोक्यात आलंच नाही?

आणि हसण्यासारखं आहे तरी काय त्यात? मी ते पत्र वाचलेलं आहे, नानाने मला त्याच आठवड्यात दाखवलं होतं. हाताने जेवते का, चपला घालते का, यानंतरची ओळ तू घेतलीस का? आईने विचारलंय, "त्यांच्याकडे म्हातारी माणसं कुठे राहतात?" बाकीचं सगळं पत्र या एका प्रश्नासाठी लिहिलेलं आहे. जेवण आणि चपला हे चाचपडणं झालं. जे खरं विचारायचं असतं ते आपल्या घरात कुणी पहिल्या ओळीत विचारलंय का कधी? तुझे बाबा पैसे मागायचे तेसुद्धा हवापाण्यापासून सुरुवात करून.

तुला वाटत असेल, फलटणची बाई, जग न पाहिलेली, घाबरली असणार. फलटणला अमेरिकन सुनेचं नवल नव्हतं, बाळा. निंबकरांचं नाव आपल्या घरात रोजचं. विष्णू निंबकरांची बायको अमेरिकन क्वेकर घराण्यातली, माहेरची एलिझाबेथ लुंडी. इकडे येऊन कमला झाली, आणि १९५० साली मुंबईत केईएमला ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं ते तिने. अपघाताने किंवा आजाराने हात-पाय अधू झालेल्या माणसाला पुन्हा बटण लावता यावं, घास तोंडात घालता यावा, यासाठीचं ते शास्त्र. तिचा मुलगा बनबिहारी फलटणला शेतीत राहिला, १९६८ साली तिथे संशोधन संस्था काढली. त्याची बायको जाई म्हणजे इरावती कर्व्यांची मुलगी. जाई निंबकरांची 'कम रेन' ही इंग्रजी कादंबरी लायब्ररीतून आण आणि तालमी थांबवून वाच. अमेरिकन मुलगी लग्न करून मराठी घरात येते त्याची ती गोष्ट आहे, आणि बघ, त्यात सगळं घडतं ते लग्नानंतर. तुझं नाटक म्हणे लग्नाच्या मांडवात संपतं.

तर आईला सगळं ठाऊक होतं. अमेरिकन सून मराठी घरात रुळते हे तिने ऐकलं होतं. पण ती सून इकडे आली होती, नाना तिकडे राहणार होता. फरक समजतोय ना?

तुझ्या नाटकात मुलीचे अमेरिकन आईवडील फार समजूतदार दाखवलेत, असंही कानावर आलं. का बरं? नानाच्या लग्नाला मी होते, आपल्याकडची मी एकटीच. काकूचे वडील चर्चमध्ये आले, जेवले, पण फोटोला उभे राहिले नाहीत. भला माणूस होता, पुढे नानावर जीव लावला त्याने, पण त्या दिवशी नाही राहिला उभा. व्हर्जिनियाच्या लव्हिंग नवरा-बायकोच्या खटल्याचा निकाल लागला १२ जून १९६७ ला. तोपर्यंत सोळा राज्यांत गोऱ्यांनी इतर वंशात लग्न करणं हा गुन्हा होता, आणि निकाल होऊन नानाच्या लग्नापर्यंत सोळाच वर्षं झाली होती. त्याच्याही मागे जा. १९२२ साली ब्रॉडवेवर 'एबीज आयरिश रोझ' लागलं, ज्यू मुलगा आणि आयरिश कॅथलिक मुलगी, दोघांचे बाप हातघाईवर येतात आणि शेवटी जुळी नातवंडं बघून विरघळतात. २,३२७ प्रयोग झाले. समीक्षक नाकं मुरडत राहिले आणि लोक हसत राहिले. आणि त्याच १९२२ साली इथे केबल कायदा आला. ज्या परदेशी माणसाला नागरिकत्व मिळूच शकत नाही अशाशी अमेरिकन बाईने लग्न केलं तर तिचंच नागरिकत्व जायचं. पुढच्याच वर्षी भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हिंदी माणूस त्या अपात्र वर्गात टाकला. तारकनाथ दासांच्या बायकोचं, मेरीचं, नागरिकत्व असंच गेलं. १९३१ साली ती अट निघाली. एवढा मसाला समोर असताना तुला आजीच्या चपलाच सापडल्या हसायला?

इथल्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात पूर्वी एक प्रहसन ठरलेलं असायचं: सोनेरी केसांचा टोप घातलेला एखादा पुरुष अमेरिकन सून व्हायचा, वरणभाताला भलतंच काहीतरी म्हणायचा. हॉल दणाणून जायचा. खऱ्या अमेरिकन सुना प्रेक्षकांत बसलेल्या असायच्या, त्याही हसायच्या, नवऱ्याकडे बघत. काकूचं ते हसणं मी शेजारून पाहिलेलं आहे. तू आता त्याच प्रहसनाची उलटी बाजू करते आहेस, एवढंच.

पुन्हा तेच सांगते, ते पत्र. ते कुणी सांगायचं, त्यावरून एक गोष्ट आठवते.

तू सध्या राहतेस त्याच इथाकात, कॉर्नेलला, श्रीधर व्यंकटेश केतकर शिकत होते. बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन आले होते. त्यांचा जातिसंस्थेवरचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली तुझ्या त्या गावातच छापला गेला. जातीने लग्नाला कसं कुंपण घातलं यावर एवढा विचार केलेला हा गृहस्थ पुढे लंडनमध्ये एडिथ कोह्न या जर्मन ज्यू मुलीला भेटला. मध्ये महायुद्ध आलं. १९२० साली लग्न झालं, व्रात्यस्तोम करून तिला हिंदू करून घेतलं आणि ती शीलवती केतकर झाली. नवऱ्याच्या ज्ञानकोशाच्या त्या अवाढव्य खटाटोपात हिने संसार रेटला, आणि विंटरनित्झचा भारतीय साहित्याचा इतिहास जर्मनमधून इंग्रजीत आणला. उतारवयात आपली हकिकत लिहिली, तीही मराठीत. पुस्तकाचं नाव 'मीच हे सांगितलं पाहिजे'. तुझ्या काकूलाही काही सांगायचं असेल, नसेल, ते तिचं तिला ठरवू दे. ते पत्र तिच्या घराचं आहे. आपण पोस्टमन.

तू म्हणशील आत्याला नाटकातलं काय कळतं. पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत भरत नाट्य मंदिराच्या स्टेजवर मी उभी राहिलेली आहे. एकोणिसाव्या वर्षी मला म्हातारीचं काम दिलं होतं. मी केसांना पावडर लावून कमरेत वाकून अशी काही चालले की पहिल्या तालमीला सगळे फिदीफिदी हसले आणि मी खूश. आमचा दिग्दर्शक, तोही पोरच, मला म्हणाला, ताठ चाल. म्हातारी माणसं वाकलेली असतात ते लपवायला बघतात, दाखवायला नाही. चार दिवस मला ते जमेना. जमलं तेव्हा हसू बंद झालं आणि विंगेतली मुलं गप्प उभी राहिली. असं पुढे आयुष्यात फार काही मला जमलं नाही. १९७९ साली लग्न होऊन इकडे आले, तो धागा तिथेच सुटला. इतकी वर्षं होऊनही न्यूयॉर्कला नाटक बघून परत येताना बसमध्ये मी मनातल्या मनात कुणाचं तरी काम करत असते. जाऊ दे.

तुझ्या आजीचं काम करणाऱ्या मुलीला सांग, कमरेत वाकू नकोस. आई तेव्हा चोपन्न वर्षांची होती. माझ्या आत्ताच्या वयापेक्षा किती लहान! सकाळी विहिरीचं पाणी शेंदायची, बँकेचे हिशेब स्वतः बघायची. तुझ्या वाट्याला जी आली ती विसराळू, खुर्चीत बसलेली, तुला कुठल्यातरी दुसऱ्याच नावाने हाका मारणारी. म्हणून तुला तसं दिसतं, तुझा दोष नाही.

नानाच्या लग्नाचे फोटो मी त्या वर्षी भारतात घेऊन गेले. आईने चष्मा पुसून एकेक बराच वेळ बघितला. बोलली काही नाही. मग काकूच्या साडीवर बोट ठेवून विचारलं, "ही कुणी नेसवली? निऱ्या उलट्या पडल्यात." म्हटलं, मी. "शोभतंय," म्हणाली आणि हसली. तेव्हाच विचारायचं होतं मला, का गं नाही आलीस, नुसता राग होता का आणखी काही. तेवढ्यात दारात कुणीतरी आलं, चहा झाला, विषय राहिला. पुढे पंचवीस वर्षं जात-येत राहिले, तिच्या शेजारी झोपत राहिले, आणि नाही विचारलं. आता तू ते पत्र हातात घेऊन बसली आहेस, आईचं माझ्यापेक्षा तुझ्याकडेच जास्त आहे. म्हणून एवढा जीव वरखाली होतो माझा.

'फिडलर ऑन द रूफ' आपण दोघींनी टीव्हीवर पाहिलं होतं, आठवतं? दोन मुलींच्या लग्नाला बाप कुरकुरत हो म्हणतो, तिसरी धर्माबाहेर जाते तेव्हा तो पाठ फिरवतो. तू रडलीस ती मुलीसाठी नव्हे, त्या बापासाठी. तेंडुलकरांचं 'कन्यादान' नानाच्या लग्नाच्याच वर्षीचं. त्यात बाप आदर्शापायी लग्नाला उभा राहतो आणि आईच्या मनात पाल चुकचुकते, आणि कोण बरोबर हे नाटक संपलं तरी धड सांगता येत नाही. तुझ्या आजीला तेवढं तरी मिळू दे. नाटकात ती चुकली तरी चालेल मला. चुकलीच होती ती, काकूसारखी सून शोधून सापडली नसती.

फार बोलले. पत्र नाटकातून काढच असं मी म्हणत नाही, लिहायला बसले तेव्हा म्हणणार होते. या शनिवारी-रविवारी बस धरून क्लीव्हलँडला जा. पल्ला लांब आहे, बर्फ असलं तर पुढच्या आठवड्यात जा, हट्टाने निघू नकोस. काकूच्या स्वयंपाकघरात बसून ते सगळं वाचून दाखव, म्हाताऱ्या माणसांच्या ओळीसकट. सावकाश वाच. मग ती हो म्हणाली तर कर, हवं तसं कर, मी चकार शब्द काढणार नाही. नाही म्हणाली तर पत्र नवं लिही, तुला येतं लिहिता. शाळेत असताना आजीला लिहिलेली तुझी पत्रं मी अजून ठेवली आहेत, त्यातलं शुद्धलेखन सोडलं तर लिहिणं चांगलं होतं.

आजी नऊवारी नेसणार असेल तर नेसवायला मी येते, सेफ्टी पिनांचा कारखाना नको. प्रयोगाच्या आठवड्यात पिझ्झ्यावर राहू नकोस. पार्सलमध्ये मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी टाकली आहे, भात तेवढा लाव. झोप होत नाही असं तुझी आई म्हणत होती, तिला मी काही बोलले नाही या पत्राबद्दल.

काकू शुक्रवारच्या प्रयोगाला यायचं म्हणते आहे, मीही तिच्याबरोबर. दोन तिकिटं ठेव, कडेची, तिचा गुडघा वाकत नाही हल्ली.

तुझी
आत्या