शोभायात्रेतले चेहरे आणि हाताने फिरवायची लेन्स

गुढीपाडव्याला मुलांना गिरगावच्या शोभायात्रेला नेणार असाल, तर एखादी जुनी मॅन्युअल लेन्स सोबत घ्या. माझ्याकडे ‘हेलिओस ४४-२’ आहे. सोव्हिएत बनावटीची, ५८ मिलिमीटरची, जर्मन बायोटारच्या धर्तीवर केलेली. अडॅप्टर लावला की मिररलेस कॅमेऱ्यावर बसते. फक्त मेनूत ‘लेन्स नसतानाही शटर चालू’ हा पर्याय निवडावा लागतो. मी एकदा तो विसरलो आणि निम्मी यात्रा निघून गेली!

आधी वर्गात थोडं गणित करून घ्या. एफ-आकडा म्हणजे फोकल लांबी भागिले छिद्राचा व्यास. म्हणून एफ/२ ला छिद्र २९ मिमी आणि एफ/५.६ ला जेमतेम १० मिमी. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर दोन मीटरवरचा चेहरा एफ/२ ने टिपला, तर साधारण १४ सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते. लेझीम खेळणारी मुलगी अर्धं पाऊल पुढे आली की संपलं. माझ्या एका विद्यार्थ्याच्या फोटोत नथ लख्ख आणि डोळे धूसर आले होते. एफ/५.६ ला हीच खोली ४० सेंटिमीटरच्या आसपास जाते. भर उन्हात एफ/२ ला काही कॅमेऱ्यांचं शटरही पुरत नाही, ते वेगळंच.

मग रिंग दोन मीटरवर ठेवायची आणि चेहरा तिथे येईपर्यंत थांबायचं. दोन मीटर म्हणजे आपली किती पावलं, हे मुलांनी घरी टेपने मोजून यावं. ऊन चढलं की फेट्याची सावली डोळ्यांवर येते, म्हणून सकाळी लवकरच पोचा.

इतक्या जवळून चोरून फोटो निघत नाही. विचारावंच लागतं. गेल्या वर्षी ढोलपथकातल्या एका ताईने मान हलवून नकार दिला. आमचा पठ्ठ्या म्हणाला, “सर, मागून काढू का?” मी कॅमेरा खाली घ्यायला लावला. तो रुसला.

पुढे नऊवारीतल्या एक आजी थांबल्या. पठ्ठ्या रिंग फिरवतोय, फिरवतोय. आजी आधी ताठ उभ्या होत्या. मग कंटाळून म्हणाल्या, “अरे बाळा, यात्रा संपेल की!” आणि हसल्या. तेव्हा त्याने बटण दाबलं. डोळे स्पष्ट आले होते.