खोकल्यावर मध : कोणास द्यावा व कोणास देऊ नये

पनवेलची खांदा कॉलनी असो की डोंगरपायथ्याची एखादी वाडी असो, गारवा सुरू झाला की घरोघरी पडसे-खोकला येतो आणि फडताळातील मधाची बाटली बाहेर निघते. हा उपाय जुना आहे; परंतु तेवढ्यावरून तो सर्वांस सारखाच हितकर ठरत नाही. म्हणून ह्या पाठात तीन गोष्टींचा विचार करू.

पहिली गोष्ट, मधाचा उपयोग. मधात सुमारे चार-पंचमांश भाग साखर असून पाणी थोडे असते. हा दाट रस घशावर पसरतो, लाळ सुटते, खवखव शमते व ढास कमी होते. त्याने पडशाचा नायनाट होत नाही; ते बहुधा आपोआपच बरे होते. सन २००७ मध्ये अमेरिकेत १०५ मुलांवर केलेली एक पाहणी प्रसिद्ध झाली. निजण्यापूर्वी अर्धा तास मध दिलेल्या मुलांचा रात्रीचा खोकला, काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा अधिक कमी झाला, असे तीत दिसून आले. एक वर्षावरील मुलास अर्धा ते एक चहाचा चमचा मध कोमट पाण्यातून द्यावा व नंतर चूळ भरवावी. मधुमेह असलेल्यांनी मध साखरच समजावा.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. बाळ जन्मताच सोन्याची अंगठी मधात बुडवून त्याच्या जिभेस लावण्याची, व पुढे घुटीत मध घालण्याची चाल आपल्याकडे आहे. ती सोडून द्यावी. मधात कधी कधी एका जंतूची सूक्ष्म बीजे असतात. मोठ्यांच्या आतड्यात ती रुजत नाहीत. परंतु एक वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात रुजून विष उत्पन्न करतात. मग बाळास मलावरोध होतो, रडणे क्षीण होते, त्यास दूध ओढवत नाही, मान लुळी पडते, व अखेर श्वासही बंद पडू शकतो. "आमचा मध शुद्ध आहे," असे कोणी म्हणेल. सातारा जिल्ह्यातील मांघर हे गाव सन २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. अशा गावचा निर्भेळ मध असला तरी नियम तोच. ही बीजे भेसळीने येत नाहीत, आणि घरच्या चुलीवर मध उकळून ती खात्रीने मरत नाहीत.

तिसरी गोष्ट, मधावर केव्हा थांबू नये. मुलाचा श्वास जलद चालला, छाती आत ओढली जाऊ लागली, किंवा ते पिईनासे झाले, तर ते फुप्फुसदाहाचे लक्षण असू शकते. त्याच घटकेस दवाखाना गाठावा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे मिनिटास ५० वा अधिक, व एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० वा अधिक श्वास, हे जलद समजावेत. खोकला दोन आठवडे टिकला तर क्षयासाठी थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी विनामूल्य होते.

घरभेटीस जाणाऱ्या बंधुभगिनींनी बाळंतिणीपेक्षा आधी घरातील आजीबाईंशी आदराने बोलावे. कारण घुटी बहुधा त्यांच्याच हातची असते.

प्रश्न : १. मधाने खोकला का शमतो? २. शुद्ध मधही तान्ह्या बाळास का देऊ नये? ३. आपल्या गावी अशी किती बाळे आहेत, व त्यांच्या घरी हे कोण सांगेल?