आरोग्यपत्रके वाचकाला किती समजतात? : एक अभ्यास

रुग्णालयाच्या वार्षिक हिशेबात आरोग्यपत्रकांच्या छपाईचा खर्च नोंदविला जातो. त्यांतील किती मजकूर वाचकापर्यंत पोहोचला, याची नोंद मात्र कोठेच नसते. ही उणीव आमच्या ध्यानी आणून दिली ती एका मातेने. मजुरीसाठी कात्रज परिसरात आलेल्या या भगिनीने जलसंजीवनीचे मोठे पाकीट एका पेलाभर पाण्यात कालवून जुलाब होणाऱ्या बाळाला पाजावयास घेतले होते. परिचारिकेने तिला वेळीच थांबविले. असे दाट द्रावण बाळाच्या रक्तातील क्षार धोकादायक प्रमाणात वाढवू शकते. आमचे पत्रक तिच्या हाती होते आणि तिला वाचताही येत होते! पत्रकातील वाक्य असे होते : ‘सदर पाकिटातील द्रव्य एक लिटर निर्जंतुक जलात विरघळवून बालकास वारंवार द्यावे.’

वाचनसुलभता मोजण्याचे प्रयत्न जुने आहेत. रुडॉल्फ फ्लेश यांचे 1948 मधील सूत्र वाक्यांची व शब्दांची लांबी मोजते. परंतु ते इंग्रजीसाठी रचलेले आहे. मराठीत प्रत्यय शब्दालाच जोडले जातात. त्यामुळे ‘दवाखान्यातल्यांनासुद्धा’ हा लांबलचक शब्द सोपा, तर ‘द्रव’ हा दोन अक्षरांचा शब्द अवघड ठरतो.

विल्सन टेलर यांनी 1953 मध्ये मांडलेली गाळलेल्या शब्दांची पद्धत आपल्याला अधिक उपयुक्त आहे. मजकुरातील दर पाचवा शब्द गाळून तो वाचकाकडून भरून घ्यावयाचा. सर्वसाधारणपणे 60 टक्के वा अधिक जागा अचूक भरल्या गेल्यास मजकूर सुलभ, 40 टक्क्यांहून कमी भरल्यास अवघड समजतात. मात्र ज्यांना अक्षरे जुळवीत वाचावे लागते, त्यांना ही कसोटी लावणे उचित नव्हे. त्यांना पत्रक देऊन एवढेच विचारावे : ‘ताई, हे घरी कसे कराल, करून दाखवा. परीक्षा आमच्या पत्रकाची आहे, तुमची नाही.’

त्यानुसार पत्रक नव्याने लिहिले : ‘पाणी उकळून गार करा. एक लिटर मोजून घ्या. त्यात मोठे पाकीट पूर्ण घाला. बाळाला घोट घोट पाजा. उरलेले पाणी 24 तासांनी ओतून द्या.’ तरीही एका आजींनी विचारले, ‘लिटर म्हणजे किती पेले?’ घरोघरचे पेले निराळे. म्हणून शेजारी लिटरच्या बाटलीचे चित्र घातले. लहान पाकिटासाठी त्यावर छापलेलेच माप पाहावे, ही सूचनाही जोडली.

यापुढे कोणतेही पत्रक छपाईस जाण्यापूर्वी बाह्यरुग्ण विभागातील वाचकांकडून तपासून घेण्याचा आमचा संकल्प आहे. ज्यांच्यासाठी लिहावयाचे, त्यांची संमती हीच खरी मुद्रणप्रत होय.